जालिंदरची देणगी

“आणखी एक ग्लास घे,” मी म्हणाले आणि जालिंदरच्या उत्तराची वाट न बघता त्याच्या ग्लासात ताक ओतलं.

“अगं बास! पोटात डबकं झालंय नुसतं.”

“आपल्याच दुग्धशाळेतलं आहे. हे ताक चोरायला तुम्ही वसतिगृहाच्या खिडकीतून उड्या मारायचात.”

हे ऐकलं मात्र, जालिंदर मोहित्यांनी ग्लास तोंडाला लावला. जुने दिवस आठवून दिले की हा माणूस काय वाटेल ते पितो, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी त्या दिवसाची आखणी केली होती.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. आमचं कृषी विद्यापीठ माळावरचं. मी तिथे शिकले, पुढे सरकारी खात्यात कृषी अधिकारी म्हणून जिल्हे पालथे घातले आणि निवृत्त झाल्यावर दर फेब्रुवारीत विद्यापीठाच्या अतिथिगृहात मुक्काम टाकायला लागले. शेवटच्या वर्षाच्या मुलींना फुलांचा संकर कसा करायचा ते शिकवायचं, एवढंच काम. मानधन नव्हतं, मला नकोही होतं. एका फुलाचा पराग चिमट्यानं दुसऱ्या फुलावर ठेवताना ज्या मुलीचा हात थरथरत नाही, तिच्याकडे बघायला मला फार आवडतं.

जालिंदर माझ्याच वर्गातला. विद्यार्थी असताना तीन विषयांत गचकलेला, आणि आता ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा कारखानदार. माजी विद्यार्थी संघात त्याचा शब्द शेवटचा, कारण चेक पहिला. त्या वर्षी त्यानं ठरवलं होतं की विद्यापीठाला भव्य प्रवेशद्वार बांधून द्यायचं. दोन्ही बाजूंना दगडी बैल, वर नांगर आणि नांगराच्या टोकाला विजेचा दिवा. अधिष्ठाता डॉक्टर वाघमोड्यांनी त्याची प्लास्टरची प्रतिकृतीसुद्धा करून घेतली होती. बैलांची तोंडं का कोण जाणे, डुकरांसारखी आली होती.

संघाच्या बैठकीत मी वेगळा विषय काढला होता. तो ऐकून सगळे आधी खाली बघायला लागले आणि मग हसले. जालिंदर तर म्हणाला, “मालन, उद्या मंत्री आले तर त्यांना काय हे दाखवायचं?” विषय मागे पडला. तो काय होता ते पुढे येईलच. त्यानंतर जालिंदरनं जोरात जाहीर केलं, “द्वाराची घोषणा करायच्या आधी मी एक दिवस विद्यार्थ्यासारखा काढणार! ते जे करतात ते सगळं करणार!” टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी माझ्या चालूच होत्या.

“मालनबाई खूश दिसतात,” कुणीतरी म्हणालं.

“फारच,” मी म्हणाले.

तर तो दिवस उजाडला होता. ताक संपवून जालिंदर बाहेर आला. त्याची पांढरी गाडी दारात उभी होती.

“गाडी इथेच राहू दे,” मी म्हणाले. “विद्यार्थ्यांना कुठे असते गाडी? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचंय.”

“बरोबर बोललीस!” तो म्हणाला आणि टोपी सावरत ट्रॉलीवर चढला. साठीचा गडी, पण तेव्हा विशीतला दिसत होता. त्याचा ड्रायव्हर खुशीत झाडाखाली जाऊन आडवा झाला.

ट्रॉलीत आधीच वीसेक मुली बसल्या होत्या. त्यांची म्होरकी प्रांजली ढोबळे. सडपातळ, गंभीर चेहऱ्याची, आणि संकराच्या कामात सगळ्यांत तरबेज. दिवाळीच्या आधी ती आठ-दहा दिवस दवाखान्यात होती. सत्र बुडता बुडता वाचलं होतं. तिचे वडील म्हणत होते, पुरे झालं शिक्षण, घरी ये. मुलींना मी आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवलं होतं की मोहिते सर मोठे पाहुणे आहेत, त्यांना एक क्षणही एकटं सोडायचं नाही. त्या कारण विचारायला लागल्या, तेव्हा मी प्रांजलीकडे बघितलं. तिला बरोबर कळलं. तिनं बाकीच्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ट्रॉलीत सगळ्या ओढणी तोंडाला लावून बसल्या होत्या.

आमच्या विद्यापीठाची प्रयोगाची शेतं, तिथे त्यांना प्रक्षेत्र म्हणतात, मुख्य इमारतीपासून चांगली लांब आहेत. मधे सगळा सपाट माळ. तूर काढून झाली होती, त्यामुळे आडोशाला एक झुडूपही नव्हतं. रस्ता म्हणजे खड्डे आणि खड्ड्यांच्या मधे थोडा रस्ता.

“अहाहा!” प्रत्येक धक्क्याला जालिंदर म्हणत होता. “हेच ते! हेच ते!”

शेतावर पोचल्यावर मी ट्रॅक्टर परत पाठवला. “गोदामातून बियाणं भरून आणा,” मी चालकाला सांगितलं. “घाई नाही.”

मग मुली कामाला लागल्या आणि जालिंदरही लागला. वांग्याच्या फुलाचे पुंकेसर चिमट्यानं काढताना त्यानं सलग पाच फुलं मोडली. तेवढ्यात कलिंगडाच्या शेतावरून फोडींचं ताट आलं.

“सर, आमच्या वाणाचं आहे. चव घेऊन अभिप्राय द्या.”

जालिंदरनं अभिप्राय दिला. एका फोडीवर अभिप्राय नीट देता येत नाही म्हणून दुसरी घेतली. तिसरी दुसऱ्या वाणाची होती. चौथी तुलनेसाठी. ऊन तापलं तसं प्रांजलीनं ऊस विभागाच्या चरकावरचा रस आणला, आलं-लिंबू घालून.

“सर, ऊस विभागाचे लोक नाराज होतील.”

“नाराज कशाला करायचं कुणाला?” जालिंदर म्हणाला आणि ग्लास रिकामा केला. मुलींनी मात्र रसाला, कलिंगडाला हातही लावला नाही. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

अकराच्या सुमारास जालिंदरचं बोलणं कमी झालं. आधी तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकायला लागला. मग त्यानं चिमटा खाली ठेवला, कमरेवर हात दिला आणि क्षितिजाकडे बघितलं. क्षितिज चहूबाजूंनी मोकळं होतं.

“मी जरा त्या बांधाकडे जाऊन येतो,” तो म्हणाला. “जमीन बघून येतो.”

“चला सर, आम्ही दाखवतो!” चार मुली उठल्या.

“नको, नको, तुम्ही काम करा.”

“नाही सर, तिकडे घोणस निघते. एकट्यानं नाही जायचं.”

पाचही जण बांधावर गेले. तिथे एका मुलीनं त्याला मातीच्या थरांची माहिती दिली. दुसरीनं त्याच्या नळ्यांबद्दल प्रश्न विचारले आणि तो, एरवी ज्या विषयावर तासभर बोलतो त्या विषयावर, “हो, हो, चांगल्या असतात,” एवढंच बोलून परत आला. थोड्या वेळानं तो विहीर बघायला निघाला. सहा मुली बरोबर गेल्या. मग पंपाची खोली बघायला निघाला, तर तिला कुलूप होतं, आणि तिच्या मागच्या बाजूला माझ्या तीन मुली अगदी निरागसपणे पानं मोजत बसल्या होत्या.

शेवटी तो माझ्याजवळ आला. कपाळावर घाम डवरला होता.

“मालन,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “जायला कुठंय?”

“कुठे जायला?”

“अगं, कुठं काय! जायला!”

“अच्छा. मुख्य इमारतीत आहे की. तळमजल्यावर, जिन्याच्या खाली.”

“एवढ्या लांब?”

“हो.”

“ट्रॅक्टर कुठंय?”

“बियाणं भरतोय. येईल दुपारच्याला.”

“माझ्या ड्रायव्हरला फोन लाव.”

“इथे रेंज येत नाही जालिंदर. तुला हवं तर तक्रार कर कंपनीकडे.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं केलं.

मग तो शेताच्या कडेला एका पालथ्या घमेल्यावर बसला. पाय जुळवून, अंग चोरून, ताठ. एवढा मोठा माणूस, ज्याच्या पुढे बँकेचे मॅनेजर उभे राहतात, तो परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेल्या पोरासारखा दिसत होता. मला त्याची दया आली. पण थोडीच.

“पोरींनो,” तो कसाबसा म्हणाला, “तुम्ही रोज इथं सकाळी सातला येता ना?”

“हो सर.”

“आणि जाता कधी?”

“एक वाजतो. कधी दोन.”

“मग तुम्ही… तुम्ही काय करता?”

ओढण्यांच्या मागचं हसणं थांबलं होतं. प्रांजली उभी राहिली. वर्गात उत्तर द्यायला उभी राहावी तशी.

“आम्ही पाणी पीत नाही सर.”

“म्हणजे?”

“रात्री जेवल्यावर बंद करतो. इथून परत गेल्यावर पितो. मुलं जातात बांधाच्या पलीकडे. आम्हाला नाही जाता येत. पाळी असली की येतच नाही आम्ही, मग हजेरी जाते.” तिनं चिमटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मला मूत्रपिंडाला सूज आली होती, म्हणून मी दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. पण सर, पाणी प्यायचं तर शेती सोडायला लागेल.”

ती खाली बसली. वारा सुटला होता, आणि वांग्याच्या फुलांना बांधलेल्या कागदाच्या पिशव्या फडफडत होत्या.

तोच माझा बैठकीतला विषय होता. आदल्या वर्षी भर उन्हात मी मुलींसमोर पाण्याची बाटली धरली, आणि एकीमागून एक सगळ्या म्हणाल्या, “नको मॅडम, तहान नाही.” तेव्हाच मला कळलं होतं. मी डॉक्टर वाघमोड्यांकडे गेले. ते भले माणूस. म्हणाले, “मॅडम, प्रक्षेत्रावर बांधकामाची तरतूद नाही. पुढल्या वर्षी बघू.” मग मी संघाकडे गेले, आणि संघानं मला दगडी बैल दाखवले.

जालिंदर घमेल्यावर बसून हळूहळू माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा बदलत गेला. आधी त्यात राग आला, कारण ताक, कलिंगड आणि रस यांची बेरीज त्याला जमली होती. मग राग निघून गेला आणि तो दुसऱ्याच कुठल्या तरी उन्हात बघायला लागला.

“सांडणी,” तो म्हणाला. अगदी हळू.

मुलींना ते कळलं नाही. मला कळलं. आमच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. याच शेतांवर पाण्याची घागर फिरायची, मुलं ओंजळीनं ढसाढसा प्यायची आणि आम्ही तिघी मान हलवायचो. यांना तहानच लागत नाही, या उंटाच्या जातीच्या, असं म्हणून मुलांनी आमचं नाव ठेवलं होतं सांडण्या. मी सगळ्यांत उंच, म्हणून मोठी सांडणी. नाव ठेवणारा जालिंदर. स्नेहसंमेलनात त्यावर गाणंही रचलं होतं त्यानं. मीही हसले होते तेव्हा. न हसून काय करणार?

“चार वर्षं?” त्यानं विचारलं.

“चार वर्षं.”

“एकदा तरी बोलायचंस की गं.”

“कुणाला? तुला? तू पुढचं कडवं रचलं असतंस.”

तो घमेल्यावरून अर्धवट उठला आणि परत बसला. मग म्हणाला, “मालन, आता तो ट्रॅक्टर बोलव. नाहीतर इथंच उद्घाटन होईल.”

मी पंपाच्या खोलीजवळच्या मुलीला खूण केली. तिनं ओढणी हवेत फिरवली आणि गोदामाच्या सावलीत केव्हाचा उभा असलेला ट्रॅक्टर चालू झाला.

परतीचा रस्ता तोच होता, खड्डे तेच होते. या खेपेला जालिंदर एकदाही “अहाहा” म्हणाला नाही. ट्रॉलीचा कठडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटत होता. बहुधा कुलदैवत.

मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर डॉक्टर वाघमोडे शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. मागे सगळे विभागप्रमुख, आणि टेबलावर कापड झाकलेली प्रवेशद्वाराची प्रतिकृती. ट्रॉली थांबायच्या आतच जालिंदरनं उडी टाकली.

“साहेब, विद्यापीठाच्या वतीनं आपलं…”

“बाजूला व्हा!” जालिंदर ओरडला आणि पायऱ्या चढून जिन्याखाली गडप झाला. पुष्पगुच्छ खाली पडला. डॉक्टर वाघमोड्यांचा चेहरा शालीसारखाच पांढरा झाला.

“मॅडम, साहेब चिडलेत का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “आतुर झालेत.”

बराच वेळ तो बाहेर आला नाही. मी पडलेला पुष्पगुच्छ उचलला आणि जिन्याकडे बघत राहिले. गंमत वेगळी आणि अपमान वेगळा. वीस मुलींसमोर मी एका मानी माणसाला रडकुंडीला आणलं होतं. तो तसाच गाडीत बसून निघून गेला असता, तर प्रवेशद्वार गेलंच असतं, शिवाय माझं इथलं येणं संपलं असतं. आणि प्रांजलीनं सगळ्यांसमोर जे बोलून दाखवलं होतं, त्याचं काय झालं असतं? वाघमोडे भले, पण सगळेच प्राध्यापक भले नव्हते.

जालिंदर आला. तोंड धुतलेलं, टोपी सरळ. त्यानं शाल घेतली, नारळ घेतला आणि सभागृहात माईकसमोर उभा राहिला. मी मुलींबरोबर मागे बसले होते. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीएक अंदाज येत नव्हता.

“मी आज विद्यार्थ्यासारखा दिवस काढायला आलो होतो,” तो म्हणाला. “दुपारपर्यंतसुद्धा टिकलो नाही. कारण मला विद्यार्थिनीसारखा काढायला लागला.”

मुलींच्या रांगेत खुसखुस झाली.

“या विद्यापीठानं मला घडवलं. परत काय द्यायचं, याचा मी लई विचार केला. म्हटलं, प्रवेशद्वार देऊ. आता प्रवेशद्वाराचं कसं असतं, माणूस त्यातनं आत येतो. पण आत आल्यावर जायचं कुठं, ते कुणी विचारलंच नाही.”

आधी एकच मुलगी हसली. मग सगळ्या. मग मुलंही. विभागप्रमुखांना कशाला हसताहेत ते कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“प्रक्षेत्रावर चारी टोकांना मुलींसाठी प्रसाधनगृहं बांधायची,” जालिंदर म्हणाला. “पाणी माझ्या नळ्यांतनं येईल, चोवीस तास. झाडलोटीला बाया लागतील, त्यांचा पगार मी देईन. आणि देखरेख माजी विद्यार्थ्यांनी करायची. आळीपाळीनं. नुसती सही ठोकायची नाही, आत जाऊन बघायचं. दोन अटी आहेत. या पोरींना कुणी काही बोललं, तर पहिल्यांदा माझ्याशी गाठ आहे. आणि दुसरी, इमारतींना नाव मी ठेवणार.”

“अवश्य, अवश्य,” डॉक्टर वाघमोडे म्हणाले. कापडाखालच्या बैलांकडे त्यांनी एकदा हळहळून बघितलं.

नंतर चहाच्या वेळी जालिंदर माझ्याजवळ आला. मी त्याला कप पुढे केला. त्यानं तो दोन बोटांनी परत सरकवला.

“तुझ्या हातचं मी आता काही पिणार नाही.”

“रागावलास?”

“नाही.” त्यानं टोपी काढून परत घातली. “गाणं वाईट होतं गं ते. यमकसुद्धा जुळत नव्हतं.”

एवढंच तो बोलला. जालिंदरकडून याहून जास्त माफी कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या जानेवारीत बांधकाम झालं. उद्घाटनाला मी यजमानांसह गेले. नाव काय ठेवलंय ते जालिंदरनं अखेरपर्यंत सांगितलं नाही. मला वाटलं, आईचं ठेवलं असेल. फीत प्रांजलीनं कापली. मग जालिंदरनं गंभीर चेहऱ्यानं पाटीवरचं कापड ओढलं. हातभर उंचीची निळी अक्षरं होती.

मालन–१.

“जालिंदर!” मी ओरडले. “अरे, मी जिवंत आहे!”

“म्हणून तर. मेल्यावर बघू, पुतळा उभारू.”

“काढ ती पाटी!”

“कुठली? या एकीचं ठीक आहे, पण पुढं मालन–दोन, तीन आणि चार आहेत. दगडात कोरलंय सगळं.”

आमचे हे इतके हसले की त्यांना लिंबाच्या झाडाला धरून उभं राहावं लागलं. परतीच्या वाटेवर ते बसमध्ये मधेच हसायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचे. महिनाभर मी जालिंदरचा फोन उचलला नाही.

पण त्याच्या शब्दाला तो जागला. आळीपाळीनं माजी विद्यार्थी जातात, आजही. कुणी नळाचं वायसर बदलून येतो, कुणी आरसा लावून येतो. जालिंदर स्वतः टाकीवर चढून बघायचा, गुडघे धरेपर्यंत. प्रांजली आता बियाण्यांवर संशोधन करते. फेब्रुवारीतल्या माझ्या दोन आठवड्यांतला एक तिनं आपल्याकडे घेतलाय, माझे हात आता थरथरतात म्हणून.

परवाच्या फेब्रुवारीत मी शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी आली. मला ती ओळखत नव्हती.

“आजी, लई वेळ बसलाय तुम्ही. मालनला जाऊन यायचंय का? नेते मी. स्वच्छ असतं एकदम.”

मी तिचा हात धरून उठले. वाटेत विचारलं, “मालन कोण गं ही?”

“माहीत नाही आजी,” ती म्हणाली. “मालन–एक, मालन–दोन असं आहे, म्हणजे ज्वारीचं वगैरे एखादं वाण असेल. जुनं. लई चिवट होतं म्हणतात.”